फामोसोचा पाव मैल

कॅलिफोर्नियातल्या फामोसोला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जायचं तर सकाळी साडेसातच्या आत पोहोचावं. लॉस एंजेलिसहून निघालं तर ग्रेपव्हाइनचा घाट ओलांडायचा, मग ९९ नंबरचा हायवे धरायचा. बेकर्सफील्ड मागे पडलं की वीसेक मैलांवर, बागायती मुलखात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी लागते. विमानं गेली आणि पट्टी राहिली. तिच्यावर ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे दोन गाड्यांनी उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत पळण्यासाठी, पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, मापून घेतला गेला, आणि आज जगभरचे जुन्या गाड्यांचे शौकीन तिथे येतात.

लवकर पोहोचायचं ते पार्किंगसाठी नव्हे. प्रदर्शनातल्या गाड्या सकाळी स्वतःच्या चाकांवर आत येतात, आणि त्या चालताना दिसण्याची वेळ तेवढीच. दहानंतर त्या झाडांखाली बॉनेट उघडून उभ्या राहतात आणि मालक खुर्च्या टाकून बसतात. हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्या, उभ्या असताना सगळ्याच देखण्या दिसतात. पण कुठली गाडी पहिल्या गिअरमध्ये हिसके देते, कुठलीचं स्टिअरिंग सैल आहे, कुठलीचा रेडिएटर आत शिरेपर्यंतच उकळला, हे फाटकापाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

या जागेचा इतिहास जरा खट्याळ आहे. १९५७ च्या फेब्रुवारीत लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर एमरी कुक या ड्रायव्हरने नायट्रोमिथेन (थोडक्यात नायट्रो) या इंधनावर ताशी १६६ मैलांच्या वर वेग काढला. वेग आवाक्याबाहेर चालला म्हणून वॉली पार्क्सच्या एनएचआरएने (ड्रॅग शर्यतींची ही अमेरिकी संघटना १९५१ ची) आपल्या स्पर्धांमधून नायट्रो बंद केलं. पंपावरचं पेट्रोल वापरा म्हणाले. बेकर्सफील्डच्या ‘स्मोकर्स’ नावाच्या क्लबला हे पटलं नाही. त्यांनी १९५९ मध्ये फामोसोला नायट्रोवाल्यांची स्पर्धा भरवली आणि फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स या ड्रायव्हरला बोलावलं. फ्लोरिडातून येणारे त्याच्या वेगाचे आकडे कॅलिफोर्नियातल्या मंडळींना थापा वाटत होत्या. जिंकला घरचाच आर्ट क्रिस्मन. गार्लिट्सला ही स्पर्धा जिंकायला १९६५ उजाडावं लागलं. तीच आजची मार्च मीट. एनएचआरएने बंदी १९६३ पासून सैल केली. आणि १९९२ मध्ये जुन्या लोकांना आणि जुन्या गाड्यांना एकत्र आणणारं ‘हॉट रॉड रियुनियन’ सुरू करायचं ठरलं, तेव्हा त्याच एनएचआरएने जागा निवडली ती बंडखोरांची.

आधी झाडांखालचं प्रदर्शन. तिथे सगळ्यात मोठा मान १९३२ च्या फोर्डचा. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, त्या वर्षी फोर्डने सर्वसामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं व्ही-८ इंजिन दिलं: २२१ घनइंच, म्हणजे ३.६ लिटर, आणि ६५ हॉर्सपॉवर. दुसरं कारण चॅसीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं. ३२ च्या चॅसीची बाजूची पट्टी उघडी दिसते आणि तिच्यावर बॉडीच्या रेषेला जुळणारी एक उठावाची नक्षी आहे. ती त्याच एका वर्षापुरती. मडगार्ड काढले की इतर वर्षांच्या गाड्यांची चॅसी ओकीबोकी दिसते, ३२ ची मात्र मुद्दाम तशीच घडवल्यासारखी वाटते. त्यामुळे मडगार्ड नसलेली, चॅसीच्या वर बॉडी बसवलेली ‘हायबॉय’ बघायची तर ३२ चीच. टप छाटायचं तर खांबांतून साधारण तीन इंच काढतात. चार काढले तर गाडी रागीट दिसते, पण आतल्या माणसाला सिग्नल दिसत नाही. नाक खाली आणायला स्प्रिंगची पानं काढणं हा आळशी उपाय, त्यात गाडी दणके खाते. खरा उपाय म्हणजे मधला भाग खाली वाकवलेला पुढचा अॅक्सल. चाकं जागच्या जागी राहतात, स्प्रिंगची चाल टिकते आणि गाडी चार इंच खाली बसते.

अस्सल कुठली आणि नवी कुठली हा तिथला आवडता वाद. लोहचुंबक लावून फायबरग्लास ओळखता येतं, पण ब्रुकव्हिलसारख्या कंपन्या ३२ ची बॉडी आता नव्या पत्र्यात काढतात, तिथे चुंबक काय करणार? मग बघायचं ते दारांच्या कडा, आतली लाकडं, जुन्या भोकांचे बुजवलेले वण. माझं मत विचाराल तर नव्या पत्र्याची, मन लावून जुळवलेली गाडी मला चालते. चालत नाही ती ठरवून गंजवलेली. आम्लाचं पाणी मारून गंज आणायचा, वर लाखेचा हात फिरवायचा, आणि गियरच्या दांड्यावर कवटी बसवायची. यात ना चाळीसच्या दशकातल्या पोरांची गरिबी आहे ना त्यांची कारागिरी. त्या पोरांकडे पैसे नव्हते म्हणून गाडी प्रायमरवर फिरायची. पैसे आले की ते आधी रंगच लावायचे.

मूळ इंजिन असेल तर ते फ्लॅटहेड. झाकण सपाट, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. दिसायला फार सुबक, पण त्याचे दुर्गुण त्याच्या बांधणीतच आहेत. एक्झॉस्टची वाट ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून जाते, त्यामुळे जळका धूर बाहेर पडण्याआधी पाणी तापवून जातो. मधल्या दोन सिलिंडरना एकच भोक, म्हणून चार सिलिंडरना बाहेर तीनच नळ्या दिसतात. काहींच्या ब्लॉकमध्ये तर ओतकामाची वाळू अजून अडकलेली असते. ती तारेने खरवडून काढल्याशिवाय कितीही मोठा रेडिएटर लावा, उपयोग नाही. ब्लॉक विकत घेताना पैसे मोजण्याआधी व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधली जागा तपासून घ्यावी. तडा तिथेच जातो, किंवा बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या भोकाकडे. दुसरं केवळ लोभाने होणारं नुकसान: झाकण तासून कॉम्प्रेशन वाढवायला जावं, तर व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे हवा जाण्याची वाटच अरुंद होते. कॉम्प्रेशन मिळतं आणि श्वास जातो. फ्लॅटहेडवाले आयुष्यभर या दोहोंचं गणित जुळवत बसतात.

त्याच्यावर बसतात स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर, दोन किंवा तीन. ०.९७ इंचांचा गळा म्हणून ९७. फामोसोच्या जुन्या बाजारात ते अजून ढिगाने मिळतात. घेताना थ्रॉटलचा दांडा बोटाने वर-खाली हलवून बघावा. तो खुळखुळत असेल तर तिथून हवा आत ओढली जाते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही, स्क्रू पिळून हात दुखतात. तळाची बैठक काचेवर ठेवून डुलते का बघावं. वर्षानुवर्षं नट आवळून ती वाकलेली असते. आणि तडे आहेत का, कोपरे भिंगातून पाहावेत. जुन्या अॅल्युमिनियमच्या हेडचंही तसंच: बाहेरून पॉलिश करून ठेवतात, पण उलटं करून पाण्याच्या भोकांभोवतीची कड बघा. ती खाल्लेली असेल तर वेल्डिंगचा खर्च किमतीच्या वर जातो.

दुपारी या गाड्यांचं एक ठरलेलं दुखणं असतं. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते लवकर वाफाळतं. इंजिनाला चिकटलेला जुना पंप तापला की नळीत वाफ होते, आणि गाडी नेमकी बाहेर पडायच्या रांगेत बंद पडते. नळीला कपड्याचे चिमटे लावणारे अजून दिसतात. त्याचा उपयोग होतो असं ते शपथेवर सांगतात. खरा उपाय टाकीजवळ विजेचा पंप बसवून पेट्रोल मागून ढकलण्याचा. पण तो पंप मूळ गाडीत नव्हता म्हणून काही जण हट्टाने बसवत नाहीत.

हा हट्ट किती धरायचा आणि कुठे सोडायचा, हाच माझ्या मते अशा मेळाव्यातला खरा विषय आहे. झाडांखालून बाहेर पडून पट्टीवर आलं की तो अधिक टोकदार होतो, कारण तिथे हट्टाला वेग असतो.

पट्टीवर सकाळी धावतात त्या गॅसर, म्हणजे पेट्रोलवर पळणाऱ्या, जुन्या बॉडीच्या ड्रॅग गाड्या. विलीस, अँग्लिया, ५५ ची शेवरले. नाक आभाळाकडे, पुढे ट्रकसारखा सरळ अॅक्सल. साठच्या दशकात टायरना पकड नव्हती, म्हणून गाडी उंचावून सुटताना जास्तीत जास्त वजन मागच्या चाकांवर लोटायचं, हे त्यामागचं शास्त्र. आजचे नक्षी नसलेले स्लिक टायर आणि चिकट रसायन फवारलेली पट्टी यांच्यापुढे त्याची गरज राहिलेली नाही, उलट तोटाच आहे. नाकाखाली हवा शिरते आणि शेवटच्या तीनशे फुटांत गाडी हलकी होते. सुटताना पुढची चाकं उचलली गेली, तर खाली येताना ती नाकासमोर सरळ असावी लागतात. जराशी वळलेली असली तर गाडी टेकताक्षणी बाजूला उडी मारते. सरळ अॅक्सलला चूक पोटात घालायची सवय नाही. तरीही नियम नाक वर ठेवायला लावतात, कारण तेच बघायला लोक आलेले असतात. आणि मला ते योग्य वाटतं.

गॅसरची स्पर्धा बहुतेक ठिकाणी ‘इंडेक्स’वर असते: गटाची वेळ ठरलेली, समजा ८.६० सेकंद. तिच्या जितकं जवळ याल तितकं बरं, पण त्याहून कमी वेळात पोहोचलात तर बाद. नवख्या प्रेक्षकाला इथे हमखास कोडं पडतं, मागे पडलेला कसा जिंकला? त्यासाठी वेळेचा कागद वाचायला शिकावं. सुरुवातीला जमिनीलगत दोन प्रकाशकिरण असतात. पुढचं चाक पहिल्यात आलं की वरचा छोटा दिवा लागतो, सात इंच पुढे दुसऱ्यात आलं की दुसरा. मग ‘ख्रिसमस ट्री’ नावाच्या दिव्यांच्या खांबाचे पिवळे आणि हिरवा. गाडीचं घड्याळ हिरवा लागल्यावर सुरू होत नाही, चाक किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. हिरव्यापासून तिथपर्यंतचा वेळ वेगळा मोजला जातो, आणि तो ड्रायव्हरचा. पहिल्याने ०.०५० सेकंदात सुटून ८.७० मध्ये पाव मैल काढला, दुसऱ्याने ०.१२० मध्ये सुटून ८.६५ मध्ये, तर दुसऱ्याची गाडी सरस आहे. पण पहिल्याची बेरीज ८.७५, दुसऱ्याची ८.७७. दोन शतांश सेकंदांनी पहिला जिंकला. शंभरातल्या दहा जोड्या तरी अशाच निकालात निघतात असं म्हणायचा मोह होतो. नेमकं प्रमाण दर फेरीला बदलतं, पण एक फेरी बघताना कागद-पेन्सिल घेऊन बसा, मजा दुप्पट होते. कागदावर ६० फुटांची वेळ सगळ्यात आधी बघायची. तिथे वाचवलेला शतांश शेवटी साधारण दीड-दोन शतांश होऊन परत मिळतो. म्हणून जाणकार शेवटच्या रेषेपाशी बसत नाहीत, सुरुवातीपासून शंभरेक फुटांवर बसतात.

दिव्यांचं हे झाडही १९६३ चं. त्याआधी मध्ये एक माणूस उभा राहायचा, निशाण उडवायचा, आणि ड्रायव्हर त्याच्या खांद्याकडे बघून अंदाज बांधायचे. एखाद्या मेळाव्यात अजून निशाणाच्या हौशी शर्यती लावतात. हौस म्हणून ठीक आहे.

साडेअकराच्या सुमाराला पिटमधून, म्हणजे टीम गाड्या उघडून बसतात त्या जागेतून, पहिलं नायट्रोचं इंजिन पेटतं आणि झाडांखालची निम्मी गर्दी उठून तिकडे जाते. आधी कानात बोळे, वर हेडफोनसारखी कानपट्टी. दोन्ही. लहान मुलांना तर नक्कीच. संथ चालणाऱ्या नायट्रो इंजिनाचा ठोका सुटा सुटा ऐकू येतो, ढोलाच्या पानावर कुणी थांबून थांबून टिपरू हाणावं तसा, आणि प्रत्येक ठोका छातीत बसतो. मग डोळ्यांना पाणी. धुरात नायट्रिक आम्लाची वाफ असते. वाऱ्याची दिशा बघून उभं राहावं.

नायट्रोमिथेनमध्ये पेट्रोलपेक्षा जास्त ताकद असते हा गैरसमज आहे. किलोमागे त्यात पेट्रोलच्या जेमतेम पाव ऊर्जा. पण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो नायट्रोला १.७. इंजिन हवा तेवढीच ओढतं. तेवढ्याच हवेत साडेआठपट इंधन जाळता आलं तर ऊर्जेचा हिशेब सव्वादोन पटीच्या आसपास जातो. आता साडेआठपट इंधन ओतायचं म्हणजे पंप आणि नोझल त्या मापाचे हवेत. इथे स्टुअर्ट हिलबॉर्नचं नाव घ्यावं लागतं. १९४८ मध्ये सुकलेल्या तळ्याच्या पात्रावर ताशी १५० मैल पहिल्यांदा ओलांडणारी फ्लॅटहेडची गाडी त्याची, आणि त्याचं यांत्रिक इंजेक्शन आजही या गाड्यांवर आहे. त्याची रीत साधी: इंजिनाने फिरणारा पंप गरजेपेक्षा जास्तच इंधन देतो, आणि जास्तीचं एका छोट्या छिद्राच्या चकतीतून टाकीत परत जातं. चकतीचं छिद्र मोठं केलं की जास्त परत जातं, इंजिनाला कमी मिळतं. छिद्र लहान केलं की उलट. संगणक नाही, सेन्सर नाही. खिशात पाच-सात चकत्यांची डबी, आणि हवेकडे लक्ष.

म्हणजे हवामानयंत्राकडे. सकाळची थंड, दाट हवा दुपारी तापून विरळ झाली की तेवढंच इंधन जास्त होऊ लागतं आणि चकती बदलावी लागते. मिश्रण नव्वद टक्के नायट्रो, दहा टक्के मिथेनॉल असं काहीसं. ते हायड्रोमीटरने तपासतात, कारण नायट्रोची घनता १.१४ च्या आसपास आणि मिथेनॉलची ०.७९. इथे चूक होते ती तापमानाची. ड्रम उन्हात राहिला तर द्रव प्रसरण पावतो, घनता कमी दिसते, आणि माणूस टक्का घसरला समजून आणखी नायट्रो ओततो. म्हणून नळीत थर्मामीटर बुडवून तक्ता बघायचाच. साठच्या दशकात काही मंडळी याच्यात हायड्रॅझीन हे रसायन टाकत. वेग वाढायचा, आणि उभ्या इंधनाचा स्फोटही व्हायचा. ते आता सरसकट बंद आहे. या एका बाबतीत जुन्याचा कुणालाही सोस नाही.

इंजिनाच्या डोक्यावरचा, आत हवा कोंबणारा ब्लोअर ६-७१ जातीचा. तो मुळात जनरल मोटर्सच्या सहा सिलिंडरच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा, प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा. ट्रकच्या इंजिनातला धूर ढकलून काढायला केलेलं यंत्र कुणीतरी रेसच्या गाडीवर ठेवलं आणि ते कायमचं तिथे बसलं. त्याच्या दोन पुलींच्या दातांचं प्रमाण बदललं की दाब बदलतो. त्याला घट्ट बांधणारे जाड पट्टे दिसतील. इनटेकचा व्हॉल्व्ह अडकला किंवा ज्वाला उलटी फिरली, तर ब्लोअर आणि मॅनिफोल्ड यांच्यात कोंडलेलं मिश्रण एकदम पेटतं. तेव्हा ब्लोअर उडून प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून ते पट्टे.

बिघाड लांबूनही ओळखता येतो. संध्याकाळी आठही नळ्यांतून ज्वाळा दिसतात. एखादीतली विझून तिथून पांढरं धुकं येऊ लागलं, म्हणजे त्या सिलिंडरचा प्लग ओला होऊन बुडाला. आता आत न जळलेलं नायट्रो साचतंय. द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर हेडचे स्टड ताणले जातात, आणि बऱ्याचदा ड्रायव्हरने पाय काढण्याआधीच इंजिनाची बाजू फुटून बाहेर येते. दुसरा आजार टायरच्या थरथरीचा. सुटताना ताकद धड टायर फिरवण्याइतकी नसते आणि धड पकडण्याइतकी कमीही नसते, तेव्हा मऊ टायर स्वतःवरच गोळा होतो, सुटतो, परत गोळा होतो. डोळ्यांपुढे दोन-दोन पट्ट्या दिसू लागतात. पाय क्षणभर काढून पुन्हा दाबणं एवढाच उपाय, आणि तेवढ्यात शर्यत गेलेली असते.

दोन फेऱ्यांमध्ये पिटच्या दोरीला टेकून उभं राहावं. या खेळात ते फुकट मिळतं आणि लोक त्या वेळात बर्गरच्या रांगेत असतात. गाडी आली की आधी तेल काढतात. सत्तर नंबरचं जाड तेल, पण सहा सेकंदांत त्यात इतकं इंधन मिसळतं की ते दुधाळ होऊन बाहेर येतं. प्लग काढून ओळीने मांडतात. टोकाची धार गेली असेल, पट्टी निळी पडली असेल, तर तो सिलिंडर कोरडा चालला. ओला काळा असेल तर जास्त प्यायला. खालून पॅन उघडून बेअरिंग बघतात. बेअरिंगचा थर कडेला चेपून पसरलेला दिसला, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ज्वाला फार लवकर पेटली, टायमिंग मागे घ्या. मग क्लचच्या चकत्या मोजणं. दीड तासाच्या आसपास वेळ, चार-पाच माणसं, आणि कुणी कुणाला ओरडत नाही. ओरडणारी टीम बहुधा पुढच्या फेरीत दिसत नाही.

एखाद्याचं इंजिन फुटून पट्टीवर तेल सांडलं की मात्र कंटाळा. शोषक टाकायचं, घासायचं, खरवडायचं, वाळवायचं, पुन्हा चिकट फवारा मारायचा. अर्धा तास सहज, वाईट असेल तर तास. पाणी, टोपी आणि सावली यांची सोय या तासासाठी करायची असते, शर्यतीसाठी नव्हे.

आता तो हट्ट. आजच्या ‘नॉस्टॅल्जिया टॉप फ्यूल’ गाडीत, म्हणजे नायट्रोवर पळणाऱ्या जुन्या धाटणीच्या गाडीत, इंजिन पुढे आणि ड्रायव्हर मागे, डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेला. थेट १९७० सारखा. त्या वर्षी ८ मार्चला लायन्सवर गार्लिट्सच्या अशाच गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. दवाखान्यातून आल्यावर त्याने इंजिन मागे असलेली गाडी बांधली, १९७१ ची पोमोनाची विंटरनॅशनल्स स्पर्धा जिंकली, आणि बघता बघता पुढच्या इंजिनाच्या गाड्या संपल्या. म्हणजे ज्या रचनेने त्याचा पाय घेतला, ती आपण हौसेने पुन्हा बांधतो आहोत. फक्त क्लचभोवती आता चाचणी केलेलं पोलादी कवच असतं, डोक्याभोवती जास्तीच्या नळ्या, मानेला पट्टा, अंगावर अनेक थरांचा अग्निरोधक सूट. बसायची जागा जुनी, तिथून जिवंत परत यायची व्यवस्था नवी.

यातून एक गंमत झाली आहे. या स्मृतिगाड्या त्यांच्या मूळ गाड्यांपेक्षा खूप जोरात पळतात. १९६४ मध्ये गार्लिट्सने ताशी २०० मैल ओलांडले तेव्हा तो पराक्रम होता. आजच्या नॉस्टॅल्जिया गाड्या साडेपाच ते पावणेसहा सेकंदांत पाव मैल काढून २५० च्या वर जातात. साठच्या दशकातला टायरचा धूर तर पाव मैलभर असायचा, कारण क्लच थेट जोडलेला आणि घसरणारा भाग एकच, टायर. घसरणारा क्लच आला तसा धूर गेला. तो परत आणा असं काही जुनी मंडळी म्हणतात. घड्याळ बघणाऱ्यांना ते चालणार नाही. उलट, पाव मैलाचं अंतर इथे टिकलं आहे. एनएचआरएच्या मुख्य मालिकेत २००८ मध्ये स्कॉट कलिटा या ड्रायव्हरच्या मृत्यूनंतर टॉप फ्यूल आणि फनी कार या नायट्रोच्या दोन गटांची शर्यत १,००० फुटांवर आणली गेली. नायट्रोवर पूर्ण १,३२० फूट पळणाऱ्या ब्लोअरवाल्या गाड्या बघायच्या तर नॉस्टॅल्जिया ही हुकमी जागा.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’च्या ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. पण टप छाटलेली, इंजिन बदललेली गाडी घरून चालवत तिथवर नेणं आपल्या रस्त्यांवर जमणारं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल यांनी निर्मात्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत फेरफाराला वाव ठेवलेला नाही. कॅलिफोर्नियात राहणारे आपले लोक फामोसोच्या झाडांखाली तासन् तास रेंगाळतात, त्यामागे हेही एक कारण असावं.

शनिवारी संध्याकाळचा कॅकलफेस्ट हा प्रकार रियुनियनमध्ये २००० साली सुरू झाला. इथे येतात त्या खऱ्या जुन्या गाड्या, त्या काळच्याच चॅसीच्या किंवा तंतोतंत उभारलेल्या. आजच्या नियमांत त्या शर्यतीला बसत नाहीत, म्हणून त्या फक्त पेटवतात. त्यांना स्टार्टर नाही, म्हणून मागून पिकअपने ढकलायचं. क्रम ठरलेला आहे आणि तो चुकवून चालत नाही: ठिणगी देणारा मॅग्नेटो बंद, क्लच जोडलेला, गाडी ढकलली जाताना इंजिन कोरडंच फिरतंय, आणि ड्रायव्हरची नजर तेलाच्या दाबावर. काटा उठला की इंधनाची कळ उघडायची, नळ्यांतून ओलसर धूर दिसला की मॅग्नेटो. घाईने मॅग्नेटो आधी टाकला तर बेअरिंग कोरडे असताना पहिला ठोका बसतो. इंधन फार लवकर उघडलं तर एखादा सिलिंडर पेटण्याआधीच भरतो, आणि पुढे काय होतं ते वर आलंच आहे.

मग सगळ्या ओळीने उभ्या राहून टाकीतलं इंधन संपेपर्यंत गुरगुरतात. गर्दी पांगली तरी त्यांच्या मालकांचं काम उरलेलं असतं. नायट्रोचं उरलेलं पाणी आणि आम्ल रात्रभरात बेअरिंग खातं, मिथेनॉल अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरतं. त्यामुळे त्याच रात्री तेल काढायचं, पंप आणि नळ्या धुऊन त्यांत पातळ तेल सोडायचं, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल घालून इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवायचं. हे न करता गाडी ट्रेलरवर चढवली, तर पुढच्या वर्षी क्रँक जागचा हलत नाही.